विज्ञानही शेवटी श्रद्धाच का? परळच्या पिंजऱ्यांवरून एक उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाला उत्तर देत असेन तर ते लगेच दिसेल. तुम्ही भौतिकशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात. गणपतीत घरी मंडळी जमली तेव्हा मामांशी वाद झाला. मामा म्हणाले, तुमचं विज्ञान आज एक सांगतं, उद्या दुसरं. इलेक्ट्रॉन तू स्वतः पाहिलेला नाहीस, पुस्तकावर विश्वास ठेवतोस. मी माझ्या ज्योतिषावर ठेवतो, आणि मला अनुभव आहे. मग फरक काय? तुम्ही कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचं उत्तर दिलंत, की जे खोडून काढता येऊ शकतं तेच विज्ञान. नंतर कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की पॉपर केव्हाच मागे पडला, आणि तुमच्या हातातली एकुलती एक काठीही गेली. शेवटी विचारलंय की या विषयात वाचायला सुरुवात कुठून करू.

मी मुंबईत तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवत आलोय. हा वाद आर्ट्सच्या वर्गात ऐकलाय, सायन्सच्या वर्गात ऐकलाय आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकलाय. मामा बरेचसे बरोबर आहेत, हे आधी मान्य करून टाका. तुम्ही हरलात ते त्यांचे बरोबर मुद्दे खोडायला गेलात म्हणून. माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्ञान आणि नुसता विश्वास यांतला फरक विधानाकडे पाहून कळत नाही. ते विधान चुकीचं असेल तर ती चूक कोणाच्या, कुठे आणि कशी लक्षात येईल याची सोय कोणी केली आहे का, त्यावरून तो कळतो.

आता मामांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, म्हणजे ‘तू स्वतः पाहिलंयस का?’ नाही पाहिलेलं. मीही नाही. पृथ्वीचं वय, रक्ताभिसरण, इतकंच काय आपली स्वतःची जन्मतारीख, हे सगळं आपल्याला दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच कळलेलं असतं. आपल्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, यात कमीपणा वाटला नाही. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला त्यांनी ‘शब्द’ हे चौथं प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळण्याचं साधन, मानलं. अट एवढीच की सांगणारा आप्त हवा, म्हणजे ती गोष्ट त्याला खरोखर कळलेली हवी आणि कळली तशीच सांगायची इच्छा हवी. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखंच लागू आहे. अधिकार माणसाच्या पदाला नाही, त्या विशिष्ट गोष्टीशी त्याचा जो संबंध आला त्याला आहे. तेव्हा मामांना सांगा, हो, मीही विश्वासच ठेवतो. पण ज्याच्यावर ठेवतो त्याला ते कसं कळलं, हे विचारायची मला मुभा आहे, आणि उत्तर देणं त्याला भाग आहे.

‘मला अनुभव आहे’ हा दुसरा मुद्दा वेगळा आहे. २६ जुलै २००५ आठवून पाहा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि कुलाब्याला ७३. त्या दिवशी कुलाब्यात घरी बसलेला माणूस शपथेवर सांगू शकला असता की मुंबईत काही विशेष पाऊस नव्हता, पावसाळ्यात असतो तेवढाच होता. तो खोटं बोलत नाही. त्याने पाहिलं ते खरं आहे, फक्त त्याच्या वाक्यातला ‘मुंबईत’ हा शब्द त्याने पाहिलेला नाही. तो त्याने पदरचा घातलाय. मामांच्या ज्योतिषाने वर्तवलेल्या चार गोष्टी खऱ्या ठरल्या असतील, त्यावर वाद घालू नका. वर्तवलेल्या एकूण किती होत्या, ते विचारा.

कुलाब्याचं नाव निघालंच आहे तर आणखी एक गोष्ट. ‘विज्ञान म्हणजे शुद्ध निरीक्षण’ असं शाळेत शिकवतात, त्यावर मला याहून चांगला उतारा सापडलेला नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या ट्राम येणार हे ठरलं आणि वेधशाळेची अडचण झाली. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून प्रवाह वाहणार, तो स्वतःचं चुंबकीय क्षेत्र निर्माण करणार, आणि सुई पृथ्वीचं मोजतेय की ट्रामचं हे सांगता येणार नाही. म्हणून मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला हलवली. तिथली इमारत लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या दगडात बांधली. आणि मला ज्याचं कौतुक वाटतं ते असं की कुलाबा बंद करून अलिबाग चालू, असं त्यांनी केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. जागा बदलल्यामुळे आकड्यांत किती फरक पडतो हे त्यामुळे कळलं, आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये, म्हणजे घोटाळा होण्याच्या आधीच बंदोबस्त झाला होता. सुई काय दाखवते हे कळायला विजेचा सिद्धांत आधी माहीत असावा लागतो, आणि आपली सुई कशाने फसेल याचा विचार फसण्याच्या आधी करावा लागतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून यातलं काहीच होत नाही.

आता पॉपरकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचा खरा पेच इथेच आहे आणि त्याचं उदाहरण परळमध्येच घडलेलं आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदी जवळ, धान्याच्या वखारी, दाटीवाटीच्या चाळी. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. रोगाचा जिवाणू तोवर सापडलेला होता, यरसॅंने १८९४ मध्ये हाँगकाँगला तो शोधला होता. पण जिवाणू माणसात शिरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे घाणीतून, कोणी जमिनीतून, कोणी धान्यातून, कोणी रोग्याच्या श्वासातून. मात्र सरकारने उपाय केले ते सगळं ठाऊक असल्याच्या थाटात. घरं धुऊन काढली, कौलं उतरवून ऊन आत घेतलं, माणसं ओढून इस्पितळात आणि छावणीत नेली. लोकांचा संताप झाला. पुण्यात १८९७ मध्ये रँडचा खून झाला, मुंबईत १८९८ च्या मार्चमध्ये दंगल उसळली. आत्मविश्वासाने बोलणारी सत्ता म्हणजे ज्ञान नव्हे, हा मामांच्या बाजूचा मुद्दा मी इथे स्वखुशीने त्यांच्या पदरात टाकतो.

त्याच सुमाराला पॉल-लुई सिमों हा फ्रेंच डॉक्टर मुंबईत आणि मग कराचीत काम करत होता. त्याच्या नजरेला दोन बारीक गोष्टी आल्या. काही रोग्यांच्या अंगावर, गाठ येण्याआधी, एक लहानसा फोड असे. पाहिलं तर त्यात प्लेगचे जिवाणू, आणि फोड असा की जणू काही चावलंय. दुसरं असं की नुकताच मेलेला उंदीर हाताळणारा माणूस आजारी पडे, पण मरून बराच वेळ झालेला, थंड पडलेला उंदीर उचलणाऱ्याला काही होत नसे. जिवाणू तर दोन्ही उंदरांत. मग थंड उंदरावर काय नव्हतं? पिसवा नव्हत्या. अंग थंड झालं की पिसवा ते सोडून दुसरीकडे जातात.

जून १८९८ मध्ये कराचीत त्याने प्रयोग केला. प्लेगने मरायला टेकलेला उंदीर बरणीत ठेवला, आणि जाळीपलीकडे निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसू जाऊ शकेल. पिसवा कमी पडू नयेत म्हणून मांजराच्या अंगावरच्याही आणून सोडल्या. (आज वाचताना गंमत वाटते, कारण प्लेग पसरवण्यात मांजराची पिसू फारशी कामाची नाही.) पाच-सहा दिवसांनी निरोगी उंदीर प्लेगने मेला.

झालं सिद्ध? नाही. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने सिमोंचा पुरावा इतका तोकडा ठरवला की तो विचारात घेण्याजोगाही नाही म्हटलं. त्या कमिशनला मूर्ख म्हणायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. सिमोंचे यशस्वी प्रयोग मोजके होते. इतरांनी करून पाहिले तेव्हा तसा निकाल येईना. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये गल्ली-व्हॅलेरिओने दाखवलं की उंदराची पिसू माणसाला चावतच नाही. आता तुमचा पॉपर इथे लावून बघा. सिद्धांत मांडला, चाचणी घेतली, चाचणीत नापास झाला. खोडला गेला, सोडून द्या. तसं केलं असतं तर आपण बरोबर सिद्धांत नियमाप्रमाणे फेकून दिला असता.

मग घडलं काय? परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन नावाचा डॉक्टर होता. ही प्रयोगशाळा म्हणजे जुनं गव्हर्नमेंट हाऊस, प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनने १८९९ मध्ये तिथे बिऱ्हाड हलवलं होतं, आणि आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. लिस्टनने प्रश्नच बदलला. उंदराची पिसू, पण कुठल्या उंदराची, कुठली पिसू? युरोपातल्या उंदरावर एक जात असते. मुंबईच्या उंदरावर प्रामुख्याने जी होती ती वेगळीच. तिचं शास्त्रीय वर्णन रॉथशील्डने १९०३ मध्ये नाईलच्या खोऱ्यातल्या नमुन्यांवरून केलं होतं. आणि ही जात उपाशी असली की माणसाला खुशाल चावते. मुंबईतल्या एका चाळीत आधी उंदीर मेले, मग पिसवांनी रहिवाशांना हैराण केलं, इतकं की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपायला लागले, आणि मग प्लेगचा रोगी निघाला. लिस्टनने त्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा पकडून तपासल्या. त्यांतल्या पुष्कळ उंदराच्या निघाल्या. त्याचा निबंध १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. पक्षी आणि सापांच्या सोबतीने प्लेगची पिसू!

‘तुमच्याकडची पिसू वेगळी’ ही पळवाट की दुरुस्ती? तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. पिएर दुहेम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने नेमक्या त्याच सुमाराला, १९०६ मध्ये, सांगितलं की कुठलंही गृहीतक एकटं चाचणीला जात नाही. सोबत दहा न बोललेली गृहीतकं असतात. ‘पिसवा प्लेग नेतात’ याच्यामागे ‘पिसू ती पिसू, सगळ्या सारख्याच’ हे लपलेलं होतं. चाचणी फसली तर दोष कोणाचा हे चाचणी सांगत नाही, आपल्याला शोधावं लागतं. पॉपरला हे माहीत नव्हतं असं नाही. पण वर्गात आणि वादात जो पॉपर चालतो त्यातून हे गळून जातं.

पळवाट आणि दुरुस्ती ओळखायची खूण लाकातोश नावाच्या हंगेरियन तत्त्वज्ञाने बरी सांगितली आहे. नवं म्हणणं मांडल्यावर तुम्ही आधीपेक्षा जास्त ठिकाणी पकडले जाऊ शकता का? जाऊ शकत असाल तर ती दुरुस्ती, नाहीतर पळवाट. लिस्टनच्या म्हणण्यानंतर पकडले जायच्या जागा वाढल्या. ही पिसू माणसाला चावत नसेल तर खोटं. प्लेगच्या खोलीतल्या माणसांवर सापडली नाही तर खोटं. पिसवा अडवल्या आणि तरी रोग पसरला तर साफ खोटं.

आणि हे शेवटचं परळलाच करून पाहिलं गेलं. १९०५ पासून नव्या संशोधन मंडळाने तिथे मुद्दाम छोट्या खोल्या बांधल्या आणि गिनीपिगांवर प्रयोग सुरू केले. पिसवा पूर्ण काढून टाकल्या आणि आजारी व निरोगी जनावरं एकत्र कोंडली, तर रोग पसरला नाही. एकमेकांना चिकटून, एकमेकांच्या घाणीत राहूनही नाही. पिसवा असताना मात्र पसरला. मग पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या जनावरांना प्लेग झाला, त्याच खोलीत दोन फुटांवर टांगलेल्यांना झाला नाही. हवा दोघांना एकच. रोग हवेतून येत असता तर वरच्यालाही झाला असता. पण पिसू दोन फूट उडी मारू शकत नाही. जमिनीतून येतो म्हणणाऱ्यांनाही त्यांनी टाळलं नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर जिवाणू भरपूर ओतले आणि किती वेळ धोका राहतो ते पाहिलं: जास्तीत जास्त ४८ तास. चुन्याच्या जमिनीवर २४. म्हणजे महिनोन्‌महिने एखाद्या घरात प्लेग दबा धरून बसतो तो जमिनीत नव्हे.

दोन इंच आणि दोन फूट यांत काय आहे ते नीट पाहा. पिंजरा टांगण्याच्या आधीच कोण हरणार, कशाने हरणार हे ठरलेलं आहे. हवावाला, जमीनवाला, स्पर्शवाला, पिसूवाला, सगळ्यांना बरोबर ठरायची रास्त संधी दिलेली आहे आणि चूक ठरायची सुद्धा. मी ज्याला वर ‘सोय’ म्हटलं ती ही. हिच्यात श्रद्धेला जागाच नाही असं मी म्हणणार नाही. सिमोंची आपल्या कल्पनेवर श्रद्धा होतीच, नाहीतर इतक्या पिसवांत कोण हात घालील! पण त्याची श्रद्धा पुराव्यात धरली गेली नाही.

मी वर्गात इथे नेहमी एक उलटा प्रश्न टाकतो. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, हे कुमाऊँ-गढवालच्या गावकऱ्यांना कुठल्याही कमिशनच्या आधीपासून ठाऊक होतं. मग ते ज्ञान होतं की नाही? माझं उत्तर: होतं, पण अर्धं. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण घ्या. धूर दिसला तर आग आहे, हे अनुमान पक्कं. उलट, आग आहे म्हणून धूर असेल, हे पक्कं नाही, कारण त्याला ओल्या सरपणाची अट लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात, आणि उपाधी नाही याची खात्री केल्याशिवाय व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ हा अभंग संबंध, सिद्ध झाली असं मानत नाहीत. ‘मेलेला उंदीर तिथे प्लेग’ या व्याप्तीत पिसू ही उपाधी होती. ती माहीत नसलेल्याला कळत नाही की थंड उंदीर निरुपद्रवी का, आणि उंदीर एकही न दिसणाऱ्या खोलीत कपड्यांच्या गाठोड्यातून रोग कसा आला. सिमोंने थंड आणि ताज्या उंदरांत फरक पाहिला, तेव्हा तो नकळत उपाधीच शोधत होता. हे मला पॉपरच्या भाषेपेक्षा जास्त नेमकं वाटतं, कारण ‘खोडलं की नाही’ एवढ्यावर न थांबता ते विचारतं, कुठल्या अटीवर खरं?

आता ‘विज्ञान बदलतं’ हा मुद्दा. बदलतं, पण काय बदलतं ते बघा. परळच्या मंडळाला वाटत होतं की पिसवेची विष्ठा चाव्याच्या जागी चोळली जाऊन जिवाणू आत जातात. १९१४ मध्ये लंडनमध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवलं की पिसवेच्या जठराच्या तोंडाशीच जिवाणूंचा बोळा बसतो, गिळलेलं रक्त आत जात नाही, भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि रक्त जिवाणूंसकट परत जखमेत ओकते. यंत्रणेची समजूत पार बदलली. दोन फुटांवरचा पिंजरा मात्र जिथे होता तिथेच राहिला. नव्या सिद्धांताला तोही सांभाळून घ्यावा लागला. न्यूटनबद्दलही तेच. बुध ग्रहाच्या कक्षेत शतकाला ४३ विकला एवढा फरक न्यूटनच्या गणिताने उलगडत नव्हता, तो आइन्स्टाइनने उलगडला. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. शंभर वर्षांत एवढी चूक पकडणारी माणसं ‘आज एक, उद्या दुसरं’ म्हणणारी नव्हेत. बाकी, ल व्हेरियेने युरेनसच्या गडबडीवरून न दिसलेला ग्रह सांगितला तो १८४६ मध्ये सापडला, आणि बुधाच्या गडबडीवरून त्याच पद्धतीने सांगितला तो कधीच सापडला नाही. पद्धत एकच, एकदा यश, एकदा अपयश. अपयश लपलं नाही, एवढंच.

ज्योतिषाबद्दल थोडक्यात, कारण मामा ते सोडणार नाहीत. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी, त्यांत नरेंद्र दाभोलकरही होते, महाराष्ट्रात एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस द्यायच्या, आणि त्याने कुठली कोणाची ते सांगायचं. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आल्या तर मान्य, हे आधी ठरलेलं. ५१ जणांनी पत्रिका घेतल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के, सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी २४. नाणं उडवूनही एवढं येतं. ज्योतिष खोटं आहे हे यातून कायमचं सिद्ध झालं, असं म्हणू नका, तो दावा मोठा होईल. यानंतर ज्योतिषांनी आपलं म्हणणं दुरुस्त करून नवी, जास्त अवघड चाचणी स्वतःहून मागितली का, ते विचारा. लिस्टनने तेच केलं होतं. आणि इथे नारळीकरांचंच दुसरं उदाहरण द्या. विश्व स्थिर-स्थिती आहे, म्हणजे त्याला आरंभ नाही, हा हॉइल प्रभृतींचा सिद्धांत १९६५ मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण, म्हणजे सगळ्या आकाशातून येणारा मंद किरणोत्सर्ग, सापडल्यावर बहुतेकांनी सोडला. नारळीकरांनी सोडला नाही, हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये तो नव्या रूपात मांडला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही, मलाही त्यातले दुरुस्तीचे टाके जास्त वाटतात. पण त्यांनी प्रत्येक वेळी आकडे टेबलावर ठेवले, ज्यांवरून त्यांना चूक ठरवता येईल असे. अल्पमतात असणं आणि अवैज्ञानिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘पॉपर मागे पडला’ म्हणणाऱ्या तुमच्या सरांना बहुधा टॉमस कून हा विज्ञानाचा इतिहासकार म्हणायचा असेल. १९६२ मध्ये त्याने दाखवलं की वैज्ञानिक रोज उठून आपले सिद्धांत खोडायला बसत नाहीत, एका चौकटीत राहून कोडी सोडवतात, आणि चौकट क्वचितच मोडते. इतिहास म्हणून बरंचसं खरं आहे. त्यातून ‘म्हणजे सगळ्या चौकटी सारख्याच’ असा निष्कर्ष काढतात तो मात्र आळशीपणाचा. प्लेग कमिशनची चौकट आणि लिस्टनची चौकट दोन फुटांवरच्या गिनीपिगला सारख्या नव्हत्या.

एक शेवटची खिंड उरते, आणि चांगले वाद घालणारे तिथेच येऊन थांबतात: आजवर असं झालं म्हणून उद्याही होईल हे कशावरून? हा चार्वाकाचा आक्षेप आहे, युरोपात ह्यूमच्या नावाने प्रसिद्ध आहे. तर्काने त्याला पूर्ण उत्तर नाही, असं माझं मत आहे. उदयनाचार्य या नैयायिकाचं उत्तर मात्र मला व्यवहारात पुरतं. शंका घ्यायला हरकत नाही, पण तुमचं स्वतःचं वागणं जिथे तिला खोटं पाडतं तिथे ती संपते. आगीबद्दल शंका घेणारा स्वयंपाकाला चूलच पेटवतो, आणि भूक लागली की जेवतोच. मामांनाही ताप आला तर ते कुठे जातात, हे विचारायचा मोह होईल. टाळा. मोठ्या माणसाला चारचौघांत कोंडीत पकडलं की तो आपलं मत आणखी घट्ट धरतो.

हे सगळं मान्य करून एक कबूल करायला हवं. सिमोंच्या प्रयोगापासून परळच्या प्रयोगांपर्यंत सात-एक वर्षं गेली. त्या साथीत हिंदुस्थानात पुढे एक कोटीहून जास्त माणसं मेली. चूक पकडायची सोय असणं म्हणजे ती वेळेत पकडली जाणं नव्हे. त्याला पैसा लागतो, प्रयोगशाळा लागते आणि वरिष्ठाचं म्हणणं तपासून बघायची मुभा असलेला लिस्टनसारखा माणूस लागतो. यांतलं एक नसलं तरी विज्ञानाचं नाव लावून जे चालतं ते मामांच्या ज्योतिषाहून फार वेगळं नसतं.

वाचायचं कुठून, तर पॉपर आणि कूनपासून करू नका. आधी एखादा खरा प्रयोग नीट वाचा. परळच्या त्या मंडळाचे अहवाल १९०६ पासून एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात आले, ते आता इंटरनेटवर फुकट मिळतात. मग दुहेमचा छोटा युक्तिवाद, मग पॉपर, त्यानंतर कून. भारतीय प्रमाणशास्त्रासाठी मराठीत मे. पुं. रेगे वाचा. दादरच्या कीर्ती कॉलेजचे प्राचार्य होते, आणि अवघड गोष्ट सोपी न करता स्वच्छ कशी सांगायची ते त्यांच्याकडून शिकता येतं. अहवाल उघडलात की प्रस्तावना सोडून थेट तक्त्यांकडे जा. वाचवायला ठेवलेली कुठली जनावरं तरीही मेली, आणि मरायला ठेवलेली कुठली वाचली, त्या ओळींवर खूण करा. लेखकांनी त्यांचं काय केलं, ते नंतर वाचा.